शब्द तेवढे बदलून द्या

कोणत्याही भारतीय भाषेतल्या साहित्याचा परिचय करून देणारा लेख उघडा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘अमुक साहित्याला प्राचीन व समृद्ध परंपरा लाभली आहे.’ भाषेचं नाव तेवढं बदलायचं, बाकी वाक्य कुठेही खपतं. माझ्याकडे ते मल्याळमचं नाव लावून आलं. स्पर्धापरीक्षांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनासाठी मी मुद्रितशोधन करते. त्यांनी कुठूनतरी उचललेला चारेक पानांचा मजकूर पाठवला आणि सोबत निरोप: आशय तोच राहू द्या, शब्द तेवढे बदलून द्या, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अडकायला नको.

‘रीराइट’ म्हणतात या कामाला. त्याची एक रीत ठरून गेली आहे. ‘समृद्ध’चं ‘संपन्न’ करायचं, ‘प्राचीन’चं ‘पुरातन’, ‘योगदान दिले’चं ‘मोलाची भर घातली’. कर्तरी वाक्य असेल तर कर्मणी करायचं, कर्मणी असेल तर कर्तरी. दोन वाक्यं असतील तर जोडायची, जोडलेली असतील तर तोडायची. सनावळी आणि विशेषनामं मात्र जिथल्या तिथे, त्यांना पर्याय नसतो. मी या कामाला नाक मुरडत नाही. घरातला किराणा कितीतरी वेळा त्यावर भरला आहे. पण ते करताना लेखातल्या एकाही ओळीचा अर्थ कळावा लागत नाही, हे जरा भयंकरच आहे.

आता तर हे यंत्रंही करतात, आणि फुकट करतात. प्रकाशनाने आधी तोच प्रयोग करून पाहिला होता. त्या मजकुरात तकळी शिवशंकर पिळ्ळै यांना १९८४ साली ‘विद्यासन पुरस्कार’ मिळाला होता. ज्ञान म्हणजे विद्या, पीठ म्हणजे आसन. कोशात पाहिलं तर दोन्ही बरोबर, आणि असा पुरस्कार देशात कुणी देत नाही. इंग्रजी शोधनिबंधांमध्ये हा प्रकार इतका बोकाळला की गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली त्याला नावच देऊन टाकलं: ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’, छळलेले शब्दप्रयोग. तिथे ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालं होतं. नकली जाणीव. यंत्राने स्वतःबद्दल एवढं खरं बोलावं, हा योगायोगच म्हणायचा.

तर यंत्राने हात टेकले म्हणून काम माझ्याकडे आलं. लेखातलं दुसरंच वाक्य होतं, ‘तुंजत्त एळुत्तच्छन हे मल्याळम भाषेचे जनक मानले जातात.’ आता ‘जनक’ला पर्याय काढा. पिता म्हटलं की पुढे राष्ट्र आठवतं. प्रवर्तक म्हटलं की चळवळ कुठली ते सांगावं लागतं. शिल्पकार म्हटलं की यशवंतराव डोळ्यांपुढे येतात. ‘आद्यपुरुष’वर येऊन मी थांबले, आणि मग मनात आलं की सोळाव्या शतकातल्या या माणसाने नेमकं केलं काय? त्याच्याआधी मल्याळम नव्हती की काय?

होती की. रामचरितम् बाराव्या शतकाच्या सुमाराचं. कण्णश्श कवींचं रामायण त्यानंतरचं. चेरुश्शेरीची कृष्णगाथा पंधराव्या शतकातली. जनक जन्माला आले तेव्हा लेकरू चांगलं तीन-चारशे वर्षांचं होतं. एळुत्तच्छनांनी केलं ते असं: संस्कृतातलं अध्यात्मरामायण घेतलं आणि ते मल्याळममध्ये पोपटाच्या तोंडून वदवलं. पोपट म्हणजे ‘किळि’, गाणं म्हणजे ‘पाट्टु’, म्हणून त्या काव्यप्रकाराला ‘किळिप्पाट्टु’ म्हणतात. गोष्ट संस्कृताची, छंद द्राविडी वळणाचा, आणि शब्द दोन्ही घरचे. भाषेचा जनक म्हणून ज्याची पूजा होते त्याचं सगळ्यात मोठं काम दुसऱ्याचा ग्रंथ आपल्या शब्दांत सांगणं हे होतं! त्याच शतकात इकडे पैठणला एकनाथ भावार्थ रामायण रचत होते. त्यांनाही कुणी साम्य तपासायला लावलं नाही.

हे पोपटाचं प्रकरण मला पुस्तकातून कळण्याआधी कानांवरून गेलं होतं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक चेच्ची, म्हणजे मल्याळममधली ताई, राहतात. रेल्वेच्या अकाउंट्स खात्यातून निवृत्त झालेल्या. नाव आडनाव वेगळं आहे, पण सगळी इमारत त्यांना चेच्चीच म्हणते, त्यांच्याहून मोठ्या आजीसुद्धा. कर्किडकम महिना, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, त्यांच्याकडे रोज संध्याकाळी रामायण चालतं. समई लावायची, मांडीवर पुस्तक, ओळीखालून बोट. ‘श्रीराम राम राम श्रीरामचंद्र जय’ इथून सुरुवात. एका कांडाच्या आरंभी त्या पोपटाला हाक मारतात, ‘शारिकप्पैतले, चारुशीले’. गुणी पोरी, ये, उरलेली कथा सांग. ‘कथाशेषवुम्’ हा शब्द कानावर पडला तेव्हा जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभी असलेली मी चमकलेच. मल्याळमचा एक शब्द येत नाही आणि वाक्य मात्र कळलं.

याला कारण आहे. मल्याळम कवितेत एक मोठा काळ असा गेला की संस्कृत आणि मल्याळम एकाच ओळीत, एवढंच काय, मल्याळम धातूला संस्कृत प्रत्यय लावूनही, राजरोस नांदत. त्या शैलीला मणिप्रवाळ म्हणत. तिचं शास्त्र सांगणारा चौदाव्या शतकातला ग्रंथ आहे, ‘लीलातिलकम्’. त्यात म्हटलंय की मणी म्हणजे इथे माणिक घ्यायचं. माणिक लाल आणि पोवळंही लाल, एका सुतात ओवलं की कोणतं कोणतं ते डोळ्याला कळू नये. संस्कृत आणि मल्याळम अशी मिसळली पाहिजे. माझ्यापुढच्या लेखात हे सगळं ‘मिश्र शैली’ या दोन शब्दांत उरकलं होतं. मला त्याचं ‘संमिश्र पद्धती’ करायचं होतं.

पण खरी गोम पुढच्या पानावर होती. ‘१८८९ साली प्रसिद्ध झालेली इंदुलेखा ही मल्याळममधील पहिली कादंबरी होय.’ हे वाक्य घेऊन मी चेच्चींकडे गेले, कारण दुसऱ्या एका ठिकाणी १८८७ सालच्या ‘कुंदलता’चा उल्लेख दिसला होता. अप्पु नेडुंगाडींची ती कादंबरी दोन वर्षं आधीची. मग पहिली कोणती?

“शाळेत आम्ही पाठ केलंय ना,” चेच्ची म्हणाल्या. “लक्षणमोत्त आद्य नोवल. लक्षणमोत्त.”

म्हणजे कादंबरीची सगळी लक्षणं जिच्यात जुळून आली आहेत अशी पहिली. ‘कुंदलता’ आधीची खरी, पण तिच्यातले राजे आणि राजकन्या कुठल्या मुलुखातल्या ते सांगता येत नाही; मलबारच्या घरांत राहणारी, मलबारचं बोलणं बोलणारी माणसं ‘इंदुलेखा’त आली. त्या एका विशेषणात मल्याळी समीक्षेने अख्खा वाद मिटवून ठेवला आहे. कुणातरी माझ्यासारख्याने कधीतरी शब्द बदलताना ते विशेषण फापटपसारा म्हणून उडवलं असणार, आणि तिथून पुढे प्रत्येक नकलेत वाक्य जास्तच ठाम होत गेलं. या धंद्यात विशेषणांवर पहिली कुऱ्हाड पडते. ‘मानले जातात’, ‘बहुधा’, ‘काहींच्या मते’, ‘सर्वार्थाने’, हे सगळं अडगळ समजून बाहेर जातं. वाक्य सुटसुटीत होतं आणि खोटं होतं. मी ‘सर्व लक्षणांनी युक्त अशी’ परत घातलं आणि ‘कुंदलता’ची एक ओळ जोडली. छापील पुस्तकात ती ओळ नाही. जागा नव्हती म्हणे.

‘इंदुलेखा’ची जन्मकथा तर या कामाच्या तोंडात मारणारी आहे. ओ. चंदु मेनन परप्पनंगाडीला मुन्सफ होते. इंग्रजी कादंबऱ्यांचं वेड लागलं. रात्री घरच्यांना बसवून त्या गोष्टी ते मल्याळममध्ये तोंडी सांगत. बायकोला आपल्या भाषेत तशी कादंबरी वाचायची होती. मग त्यांनी डिझरायलीची ‘हेन्रिएटा टेंपल’ भाषांतराला घेतली. तोच डिझरायली, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला. थोडी पानं झाली आणि मेननांनी हात आवरता घेतला. कारण त्यांनी प्रस्तावनेत स्वच्छ लिहून ठेवलंय. तोंडी सांगताना अडलं तर खुलासा करता येतो, हातवारे करता येतात, आवाज वरखाली करता येतो. तेच शब्दाला शब्द ठेवून कागदावर उतरवलं की समोरच्याला काही कळत नाही. त्यापेक्षा आपलीच एक कादंबरी लिहावी. दोनेक महिन्यांत त्यांनी ‘इंदुलेखा’ लिहून काढली. आपल्याला संस्कृत येतं, तरी घरी बोलतो तीच मल्याळम वापरली, असंही ते सांगतात. पुढच्याच वर्षी मलबारचे कलेक्टर ड्यूमर्ग यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं. इंग्रजीचं मल्याळम होईना म्हणून जन्मलेली गोष्ट वर्षभरात इंग्रजीत गेली.

(तिचं अठरावं प्रकरण मात्र अवघड आहे. गोष्ट बाजूला ठेवून पात्रं काँग्रेस आणि निरीश्वरवाद यांवर पानंच्या पानं वाद घालत बसतात. आपल्याकडे हरिभाऊंच्या वाचकांना याची सवय असेल.)

आता मामा-भाच्याची गोष्ट. लेखात ती एका ओळीत होती: ‘द्वितीयाक्षर प्रासाच्या वादाने मल्याळम काव्याला नवे वळण मिळाले.’ या ओळीतले सगळे शब्द मी मिनिटभरात बदलले असते, आणि पुस्तक वाचणाऱ्या मुलाने ती तशीच पाठ केली असती. मीच अडले. द्वितीयाक्षर प्रास म्हणजे काय?

मराठीत आपण यमक ओळीच्या शेवटी जुळवतो. मल्याळम श्लोकात जुना दंडक असा की चारही ओळींचं दुसरं अक्षर सारखं हवं. समजा पहिली ओळ ‘कमल’ने सुरू झाली, तर पुढच्या ओळींना दुसऱ्या जागी ‘म’ आणावाच लागणार: विमल, समर, अमर असं काहीतरी. आता मनात कमळच आहे, पण त्या श्लोकात दुसरं अक्षर ‘ल’चं ठरलंय. मग ‘नलिनी’ घ्या. ‘क’ ठरलंय? ‘पंकज’ घ्या. ‘रो’ हवं? ‘सरोज’ आहेच. कवितेतलं कमळ चिखलात उगवलंय की सरोवरात, हे कवी ठरवत नाही, मागच्या ओळीतलं दुसरं अक्षर ठरवतं. अमरकोश केरळातही पोरांना लहानपणीच पाठ करायला लावत. तो कशाला कामी येत असेल ते इथे समजतं.

मामा म्हणजे केरळवर्मा वलिय कोयित्तंपुरान. त्रावणकोर राजघराण्याचे जावई, शाळांच्या पाठ्यपुस्तक समितीचे प्रमुख, ‘केरळ कालिदास’ ही पदवी. १८७५ साली आयिल्यम तिरुनाळ महाराजांची मर्जी फिरली आणि त्यांना अटकेत टाकलं. आधी आलप्पुळा, मग हरिप्पाड. तिथल्या मुक्कामात घरातला एक मुलगा त्यांच्याकडे शिकला. तो भाचा म्हणजे ए. आर. राजराजवर्मा, पुढचे ‘केरळ पाणिनी’. ‘केरळपाणिनीयम्’ हे मल्याळमचं व्याकरण त्यांचंच. सुटकेनंतर काही वर्षांनी मामांनी ‘मयूरसंदेशम्’ लिहिलं. हरिप्पाडच्या मंदिरातल्या मोराला दूत करून बायकोला तिरुवनंतपुरमला निरोप धाडलाय, मेघदूताच्या धर्तीवर. त्यात प्रत्येक श्लोकात दुसरं अक्षर जुळवलेलं. तेही नुसतं व्यंजन नाही, स्वरासकट.

भाचा म्हणाला, हे बंधन नको. अक्षर जुळवायच्या नादात अर्थाचा बळी जातो. नको तो शब्द येतो, हवा तो बाहेर राहतो. मामा म्हणाले, प्रास हे मल्याळम कवितेचं लेणं आहे, ज्याला जमतं त्याने का सोडावं? ‘मलयाळ मनोरमा’च्या पानांवर वाद रंगला. के. सी. केशव पिळ्ळै भाच्याच्या बाजूने उतरले आणि प्रास न पाळता ‘केशवीयम्’ हे अख्खं महाकाव्य लिहून मोकळे झाले. कवी उळ्ळूर मामांच्या बाजूला. त्यांनी ‘उमाकेरळम्’ प्रासात रचून दाखवलं. भांडणात दोन महाकाव्यं पदरात पडली, असं आपल्याकडच्या वाङ्मयीन वादांबद्दल म्हणता येईल का?

दोघांनी ‘शाकुंतल’ही मल्याळममध्ये आणलं. मामांचं १८८२ सालचं, संस्कृत शब्दांनी लगडलेलं, लोक त्याला ‘मणिप्रवाळ शाकुंतलम्’ म्हणू लागले. भाच्याने पुढे केलं त्याचं नाव ‘मलयाळ शाकुंतलम्’. नावातच टोमणा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं ते १८८० साली. म्हणजे कालिदासाची तीच नायिका एकाच सुमाराला इकडे साकी-दिंडीत गात होती आणि तिकडे मामांच्या श्लोकांत बोलत होती.

मी भाच्याच्या बाजूची आहे. कारण उघड आहे: बाहेरून लादलेल्या अटीसाठी पर्यायी शब्द शोधत बसण्याचा धंदा मी करते, आणि त्यातून काय निघतं ते मला ठाऊक आहे. तरी मामांना माझ्या पंक्तीला बसवता येत नाही. त्यांची अट त्यांनी स्वतःवर घातलेली होती. त्या अटीखाली बसून त्यांनी आपला खरा विरह लिहिला. अक्षर जुळेपर्यंत शंभर शब्द चाखून पाहिले असतील, आणि चाखलेल्या शब्दाची चव जिभेवर राहते. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर चाखायला सांगत नाही. कालच्यापेक्षा आजचा शब्द वेगळा असला की ते खूश.

वादात अखेर भाच्याची सरशी झाली असं म्हणतात. राजराजवर्मांनी १९११ साली एका तुलनेने तरुण कवीच्या ‘नळिनी’ या खंडकाव्याला प्रस्तावना लिहून त्याची पाठराखण केली. तो कवी म्हणजे कुमारन आशान. आधी १९०७ साली ‘वीण पूवु’मध्ये गळून पडलेल्या एका फुलावर एकेचाळीस श्लोक लिहून त्यांनी मल्याळम कवितेचा सूर पालटला होता. राजराजवर्मा १९१८ साली गेले तेव्हा आशानांनी ‘प्ररोदनम्’ हे शोककाव्य लिहिलं. सहा वर्षांनी, जानेवारी १९२४ मध्ये, पल्लनाजवळ बोट उलटून आशान स्वतः बुडाले. लेखात त्यांच्याविषयी ‘महाकाव्य न लिहिताही महाकवी ठरलेले’ असं एक बरं वाक्य होतं. त्याला मी हात लावला नाही. सॉफ्टवेअरने तेवढं लाल दाखवलं, दाखवू दे.

कोडुंगल्लूरच्या कुञ्ञिक्कुट्टन तंपुरानांबद्दल मात्र लेखात नुसतं ‘महाभारताचे अनुवादक’ एवढंच. अहो, या माणसाने महाभारत एकट्याने आणलं, वृत्ताला वृत्त आणि पदाला पद ठेवून, ८७४ दिवसांत! लाखभर श्लोकांचा ग्रंथ. हिशेब केला तर रोजचे शंभराहून जास्त श्लोक पडतात. आणि हाच माणूस तरुणपणी उलट्या टोकाला होता. १८९१ साली त्याने ‘नल्लभाषा’ नावाचं काव्य लिहिलं, चांगली भाषा. त्यात संस्कृत शब्दच घ्यायचा नाही अशी पैज. नुसत्या ‘पच्च’ मल्याळममध्ये, म्हणजे हिरव्या, कोवळ्या, भेसळ नसलेल्या. ज्याने संस्कृत पर्याय ठरवून टाळून पाहिले, त्याच्याच हातून पुढे संस्कृतातला सगळ्यात मोठा ग्रंथ उतरला. मला यात काही विरोध वाटत नाही. शब्द टाळून पाहिल्याशिवाय तो कुठे लागतो ते कळत नाही.

बशीरांपाशी आले आणि रीराइटचा खेळच संपला. वैक्कम मुहम्मद बशीर यांच्या एका कादंबरीचं नाव आहे ‘न्टुप्पुप्पाक्कोरानेंडार्न्न्’. हे प्रमाण मल्याळममध्ये लिहिलं तर पाच सरळ शब्द होतील: माझ्या आजोबांकडे एक हत्ती होता. बशीरांनी ते मुसलमान घरातल्या बाईच्या तोंडात जसं येतं तसं, एका दमात, चिकटवून ठेवलं आहे. लेखात त्याखाली ‘ग्रामीण बोलीचा प्रभावी वापर’ असा शेरा होता. कादंबरी अशा घराण्याची, ज्याची श्रीमंती संपली पण आजोबांच्या हत्तीचा तोरा संपला नाही. शेवटी शेजारची पोरं चिडवतात: तुमच्या आजोबांचा हत्ती म्हणजे कुळियाना होता, कुळियाना! वाळूत फनेलसारखा खड्डा करून मुंग्यांची वाट बघत बसणारा तो बारकासा किडा, त्याला मल्याळममध्ये खड्ड्यातला हत्ती म्हणतात. चेच्चींनी हे सांगताना अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवला हत्ती केवढा ते. हत्तीला गज, कुंजर, द्विप, मातंग, वारण असे ढीगभर पर्याय अमरकोशात मिळतील. बशीरांचा विनोद त्यातल्या एकालाही पेलणार नाही.

याच बशीरांनी ‘पात्तुम्मायुडे आडु’मध्ये आपल्याच घरातला एक प्रसंग लिहिला आहे. धाकटा भाऊ अब्दुल खादर शिक्षकी केलेला. तो दादांचं लिखाण वाचतो आणि विचारतो, या वाक्यात आख्यात, म्हणजे क्रियापद, कुठे आहे? व्याकरण शिकून घे आधी. दादा भडकतात. मी बोलतो तसं लिहिलंय, तुझं ते ‘लोडुक्कूस’ आख्यात नसलं तर नसलं! ‘लोडुक्कूस’ म्हणजे काय ते कोशात शोधायच्या फंदात पडू नये. फालतू, भंगार, खुळखुळलेलं, असं काहीतरी. चेच्चींच्या घरी हा शब्द अजून चालतो, मिक्सर बिघडला की.

उरलेली दोन पानं झपाट्याने झाली, कारण त्यांत पुरस्कारांच्या याद्या होत्या. ज्ञानपीठ: जी. शंकर कुरुप, पोट्टेक्काट, तकळी, एम. टी. वासुदेवन नायर, ओ. एन. व्ही. कुरुप, अक्कित्तम. देशातलं पहिलं ज्ञानपीठ मल्याळमला, १९६५ सालचं, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. तकळींच्या ‘चेम्मीन’ कादंबरीला साहित्य अकादमी, तिच्यावरच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. यादीचे शब्द बदलता येत नाहीत, क्रम तेवढा उलटा केला.

शेवटच्या परिच्छेदात ओ. व्ही. विजयन आणि माधविकुट्टी एकाच वाक्यात होते, ‘आधुनिकतावादी लेखक’ म्हणून. मला ते दोघे वेगळ्याच कारणाने शेजारी बसवावेसे वाटले. दोघांनीही स्वतःचंच पुस्तक दुसऱ्या भाषेत लिहिलं, आणि दोघांच्याही हातून ते तेच राहिलं नाही.

विजयनांची ‘खसाक्किंटे इतिहासम्’ १९६९ साली पुस्तकरूपाने आली. एकशिक्षकी शाळेवर शिकवायला आलेला रवी कूमनकावला बसमधून उतरतो आणि ती जागा त्याला अनोळखी वाटत नाही, हे पहिलं वाक्य. चेच्चींना ते तोंडपाठ आहे. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना असतं. विजयन या कादंबरीवर बारा वर्षं बसले होते. पंचवीस वर्षांनी, १९९४ मध्ये, त्यांनी स्वतःच ती इंग्रजीत आणली. वाचणारे म्हणाले, ही ती नव्हे. वाक्यांची चाल वेगळी, वातावरण वेगळं, काही ठिकाणी विचारही वेगळा. मधल्या काळात लेखक बदलला होता, आणि ज्या पुस्तकाने मल्याळम गद्याचं वळण बदललं त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा नाही तर त्याचाच हात फिरला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला फाडून खाल्लं असतं. विजयनांना काय म्हणणार?

माधविकुट्टी म्हणजे इंग्रजीतल्या कमला दास. त्यांच्या आई बालामणी अम्मा नावाजलेल्या कवयित्री. आईचे मामा नालप्पाट नारायण मेनन. त्यांनी व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ इंग्रजीवरून ‘पावंगळ’ या नावाने आणली, १९२५ साली, आणि पुढच्या लेखकांच्या एका पिढीने गद्य कसं लिहावं ते तिच्यावरून उचललं. (उलट दिशेलाही वाहतूक आहे. शिवाजी सावंतांचा ‘मृत्युंजय’ तिकडे ‘कर्णन’ म्हणून वाचतात.) अशा घरातली मुलगी दोन भाषांत लिहू लागली तर नवल नाही. नवरा रिझर्व्ह बँकेत, त्यामुळे वर्षानुवर्षं मुंबईत बिऱ्हाड. ‘एन्टे कथा’ १९७२ साली ‘मलयाळनाडु’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली आणि केरळात गहजब झाला. नालप्पाट घराण्यातल्या बाईने आपलं मन आणि शरीर असं उघड लिहावं? नातेवाईकांनी थांबवायची खटपट केली. लिखाण चालूच राहिलं. चार वर्षांनी इंग्रजीत ‘माय स्टोरी’ आली. ते भाषांतर नाही. प्रकरणं वाढली आहेत, रचना बदलली आहे, मल्याळी वाचकाला न सांगता कळणाऱ्या गोष्टी तिथे उलगडून सांगितल्या आहेत. पुढे त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती, यावर स्वतः लेखिकेने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. अखेरच्या काळात त्या पुण्यात होत्या. ३१ मे २००९ रोजी तिथेच गेल्या.

चेच्चींकडे दोन्ही प्रती आहेत. मल्याळमची पानं सुटी झालेली, रबरबँड लावलेली. इंग्रजी मुलाने आणून दिलेली, कोरी करकरीत. मी विचारलं, यातली खरी कोणती?

“इंग्रजी मी पूर्ण नाही वाचली, मोळे,” त्या म्हणाल्या. “त्यात ती फार समजावून सांगत बसते. आपल्या घरातल्या माणसाला कोण एवढं समजावतं?” मग जरा थांबून, “पण माझ्या सुनेला तीच आवडली. ती कोल्हापूरची ना. मल्याळमवाली वाचून दाखवली तर म्हणाली, आई, ही बाई अर्धं बोलून गप्प का होते?”

सून आतून ओरडली, “मी असं म्हणाले नव्हते हं. मी म्हणाले, पुढचं पान हरवलंय का बघा.”

चेच्चींनी रबरबँड काढून पानं मोजायला घेतली. खरंच दोन पानं गेली होती.